उपनगरांचा बाजार आणि आमची टोपली

शास्त्रपाठ : योहान 6:1-13, आमोस 8:4-6, नहेम्या 13:15-22.
पाठ करण्याचे वचन : नीतिसूत्रे 11:1.
उपदेशकांस सूचना : हा पाठ शिकविताना शेतातील थोडा ताजा भाजीपाला व एक तागडी मंडळीपुढे ठेवावी. शास्त्रभाग आधी वाचून घ्यावेत.



अरण्यात पाच हजार पुरुष बसले होते आणि दिवस मावळत चालला होता, त्या वेळी फिलिप्पाने हिशेब केला व पैसा पुरणार नाही असे सांगितले. अंद्रियाने मात्र एका मुलाकडे बोट दाखविले. त्या मुलापाशी गव्हाच्या नव्हेत, तर गरिबांच्या अन्नाच्या, म्हणजे जवाच्या, पाच भाकरी होत्या. प्रभूने दूर देशाहून धान्य मागविले नाही. त्याच परिसरातले, त्याच लोकांच्या हातचे अन्न त्याने घेतले, आभार मानले व वाटले. ही गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. आज ती आपल्या शेताच्या बांधावर उभे राहून वाचू या.

1. मागणी कोठून आली

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही एके काळी साष्टी बेटातील गावेच होती. तेथे भातखाचरे होती व वाड्या होत्या. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, आणि पुढे रुळांच्या दोहों बाजूंस वस्ती वाढत गेली. जी जमीन पूर्वी लोकांस पोसत होती तिजवर आज माड्या उभ्या आहेत. खाडीपलीकडे गोराईस व आरेच्या पाड्यांत कोठे कोठे अजून भाजीचे वाफे दिसतात, तथापि लाखो लोकांचे पोट त्यांवर भरणे शक्य नाही. म्हणून ती उपनगरे आता आपल्या गावांकडे पाहतात.

वसईचे बागाईतदार पिढ्यान्‌पिढ्या पहाटेच्या गाडीने, मालडब्यात टोपल्या रचून, पालेभाजी, केळी व फुले मुंबईस नेत आले आहेत. पहिला पाऊस पडला की पालघर व ठाणे जिल्ह्यांतील आदिवासी भगिनी शेवळे, टाकळा, कुर्डू, करटोली घेऊन स्थानकाबाहेर बसतात. शेवळांबरोबर काकडेही देतात, कारण त्यांवाचून ती भाजी घशास खाजते. हे ज्ञान कोणत्याही मोठ्या दुकानात विकत मिळत नाही.

2020 साली महामारीमुळे टाळेबंदी झाली व मोठे बाजार बंद पडू लागले, तेव्हा पुष्कळ गृहनिर्माण संस्थांनी शेतकऱ्यांच्या गटांकडून थेट भाजी मागविली. घोलवडच्या चिकूस 2016 साली व वाड्याच्या कोलम तांदळास 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले. ह्याचा अर्थ असा की माल कोणत्या मातीचा, हे गिऱ्हाईक आता विचारू लागले आहे.

2. लहान शेतकरी मागे का राहतो

मागणी आहे, मग वीस गुंठ्यांच्या धन्यास तिचा लाभ का होत नाही? कारण त्याच्यापाशी दोनच टोपल्या असतात. दोन टोपल्यांसाठी टेम्पो परवडत नाही. म्हणून तो दारी आलेल्या व्यापाऱ्यास माल देतो, आणि व्यापारी, वाहतूकदार, अडत्या, हमाल, घाऊक घेणारा व किरकोळ विकणारा अशा हातांतून जाता जाता त्या भाजीचा भाव चढतो, परंतु पिकविणाऱ्याच्या पदरी थोडेच पडते. ह्यांपैकी प्रत्येक जण लबाड असतो असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येकाचे कष्ट आहेत. तथापि जेथे मार्ग जवळचा आहे, तेथे इतके टप्पे कशास हवेत?

जुलै 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने फळे व भाजीपाला बाजारसमितीच्या नियमनातून मुक्त केला. त्यामुळे शेतकऱ्यास आपला माल समितीच्या आवाराबाहेर थेट विकण्यास मोकळीक झाली. 2002 साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन दहा किंवा अधिक उत्पादकांस एकत्र येऊन आपली उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. आरंभी कंपनीच पाहिजे असेही नाही. दहा घरे, एक वही व एक भाड्याचा टेम्पो, एवढ्यावर काम सुरू होते.

पण एकत्र येणे म्हणजे केवळ माल एका गाडीत भरणे नव्हे. सर्वांनी एकाच दिवशी मेथी पेरली तर एका आठवड्यात ढीग लागेल व पुढील तीन आठवडे गाडी रिकामी जाईल. म्हणून पेरणी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने वाटून घ्यावी. एकाने मेथी, दुसऱ्याने पालक, तिसऱ्याने भेंडी किंवा वाल घ्यावा. पालेभाजी ऊन उतरल्यावर काढावी, सावलीत निवडावी, ओल्या गोणपाटाखाली ठेवावी. हिशेब त्याच दिवशी, सर्वांसमक्ष लिहावा. पुष्कळ गट पाण्याच्या अभावी नव्हे, तर न लिहिलेल्या हिशेबामुळे मोडतात. शेतकऱ्याची ही शहाणीव देवापासूनच आहे, असे यशया 28:23-29 ह्या भागात सांगितले आहे. तो भाग घरी वाचावा.

3. तागडी

आमोस संदेष्ट्याच्या काळचे व्यापारी माप लहान करीत, मोल वाढवीत व गव्हाचा भुसा गरिबांस विकीत. आपण व्यापारी नाही, म्हणून हे वचन आपणांस लागू नाही, असे समजू नये. शेतकरी स्वतः विकावयास बसला की तागडी त्याच्याच हाती येते. वर ताजी जुडी व खाली कोमेजलेली ठेवणे, वजन वाढावे म्हणून भाजी पाण्याने निथळत ठेवणे, दुसरा तांदूळ वाड्याचा कोलम म्हणून देणे, ही सर्व आमोसाच्या यादीतलीच पापे आहेत.

एक पाप डोळ्यांस दिसत नाही. मुंबईत रुळांच्या कडेस नाल्याच्या घाण पाण्यावर वाढलेल्या पालेभाजीविषयी लोकांस फार दिवसांपासून धास्ती आहे. ते आपल्याकडे वळतात ते स्वच्छ पाण्याच्या भरवशावर. औषध फवारल्यावर डब्यावर लिहिलेले दिवस लोटण्याआधीच जर आपण वांगी तोडली, तर गिऱ्हाइकास कळणार नाही, पण ज्याने त्या मुलाची भाकरी हाती घेतली त्यास कळेल. आपल्या टोपलीतले अन्न कोणाच्या तरी लेकरांच्या ताटात जाते.

मजुराची मजुरी अडवून स्वस्त विकणे हेही खोटे मापच होय (याकोब 5:4). आणि उपनगरांत केवळ माड्या नाहीत, झोपड्याही आहेत. लेवीय 19:9-10 प्रमाणे शेताचा कोपरा गरिबांसाठी राखावयाचा होता. बाजार उठताना उरलेली भाजी फेकून न देता त्या वस्तीत नेऊन द्यावी. प्रभूनेही उरलेल्या तुकड्यांच्या बारा टोपल्या गोळा करविल्या.

4. रविवारचा प्रश्न

आता कठीण गोष्ट. उपनगरांतील नोकरदार माणूस रविवारी सकाळी बाजार करतो. तोच प्रभूचा दिवस. मग आपण काय करावे?

येथे आम्हांस आमची चूक कबूल केली पाहिजे. कल्याणपलीकडील एका गावी आमच्या मंडळीतील एक विधवा भगिनी लागोपाठ चार रविवार उपासनेस आली नाही. आम्ही व्यासपीठावरून, नाव न घेता, परंतु सर्वांस कळेल अशा शब्दांत, तिला दोष दिला. पुढे तिच्या घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, "पाळकसाहेब, भाजीला रविवार कळत नाही. शनिवारची जुडी सोमवारी गुरांपुढं टाकावी लागते." एका रविवारी दुसऱ्या बंधूवर उपासना सोपवून आम्ही तिच्याबरोबर मुलुंडास गेलो. रात्री दोन वाजता निघालो. दुपारपर्यंत तिच्या हाती आली ती रक्कम गावी तिला मिळत असे तिच्या दुप्पट होती. त्याच पैशातून मुलाची फी भरावयाची होती. आम्हांस फार लाज वाटली.

तथापि नहेम्याचे वचनही खरे आहे. त्याने शब्बाथ दिवशी यरुशलेमेच्या वेशी बंद केल्या, कारण व्यापार एकदा आत आला की विसाव्याचा एकही दिवस उरत नाही. शब्बाथ मनुष्यासाठी केला, असे प्रभूने शिकविले (मार्क 2:27). म्हणजे तो मनुष्यापासून हिरावूनही घेऊ नये. मग त्या मंडळीच्या पंचांनी असे ठरविले : आधी शनिवारी किंवा आठवड्यातील संध्याकाळी माल घेणाऱ्या संस्था शोधाव्यात. तरी रविवारी जाणे भागच पडले, तर सर्वांचा माल घेऊन दोघांनीच जावे. कोणावरही लागोपाठ दोन रविवार पाळी येऊ नये. जाणाऱ्यांसाठी शनिवारी रात्री उपासना व्हावी, आणि मंडळीने त्यांचे नाव घेऊन प्रार्थना करावी.

पाहा, एकट्या विधवेस जे अशक्य होते ते दहा घरांस शक्य झाले. तिचा रविवार तिला परत मिळाला. सर्व पाळकांस ही तोड मान्य होईल असे नाही. परंतु दोष देण्यापूर्वी त्यांनी एकदा पहाटेच्या मालडब्यातून प्रवास करून पाहावा, एवढीच आमची विनंती आहे.

मननासाठी प्रश्न

1. फिलिप्पाने काय मोजले व अंद्रियाने काय दाखविले? आपल्या मंडळीत आपण कोणासारखे वागतो?
2. आपल्या गावातील कोणती दहा घरे एका टेम्पोत माल पाठवू शकतील? पुढील सभेत त्यांची नावे लिहावीत.
3. आपल्या भाजीस कोणते पाणी व कोणते औषध दिले, हे गिऱ्हाइकास उघड सांगण्यास आपण तयार आहोत काय?
4. उपासनेस न येणाऱ्या बंधुभगिनीच्या घरी आपण गेलो आहोत काय?

प्रार्थना

हे प्रभू, आमची टोपली लहान आहे, तरी ती तुझ्या हाती देतो. आमची तागडी खरी ठेव, आमचे पाणी निर्मळ ठेव, आणि जे खातात व जे पिकवितात त्या दोघांसही तुझ्या विसाव्यात आण. आमेन.