गाव सोडण्यापूर्वीचा जमाखर्च

आपल्या घराघरांत वंदनेच्या वेळी महामंगल सुत्त म्हटले जाते. तथागतांनी त्यात जी मंगले सांगितली आहेत त्यांत योग्य ठिकाणी वास करणे हेही एक मंगल आहे. सुत्त आपल्याला पाठ असते. परंतु माझ्यासाठी, माझ्या कुटुंबासाठी योग्य ठिकाण कोणते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. नेसरी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड या टापूतून दरवर्षी बारावीचा निकाल लागला की मुले पुण्या-मुंबईची वाट धरतात. मे महिन्यात लग्ने उरकली की नवी जोडपी बिऱ्हाड हलवतात. निर्णय बहुधा एकाच आकड्यावर होतो. तो आकडा म्हणजे तिकडचा पगार. प्रस्तुत लेखात आम्ही त्या एका आकड्याच्या जागी पुरा जमाखर्च मांडण्याचा प्रयत्न करीत आहोत.

१. बाबासाहेबांच्या आयुष्यातील दोन स्थलांतरे

स्थलांतराचा विचार करताना आपल्यासमोर सर्वात जवळचे उदाहरण बाबासाहेबांचेच आहे. १९०४ च्या सुमारास सुभेदार रामजी सकपाळ साताऱ्याहून मुंबईस आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. स्वयंपाक, झोपणे, अभ्यास सारे त्याच खोलीत. झोपायला जागा पुरत नसे, म्हणून लहान भीमराव लवकर झोपत आणि उत्तररात्री वडील त्यांना अभ्यासाला उठवून स्वतः पाठ टेकत. सुखसोयींच्या दृष्टीने पाहिले तर हे स्थलांतर तोट्याचे होते. परंतु याच मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल होते, आणि तेथूनच १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

दुसरे स्थलांतर १९१७ चे, बडोद्याचे. परदेशी शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब करारानुसार बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. पद होते, पगार होता. राहायला जागा मात्र कोणी देईना. अखेर नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास सांगून गेला. ओळखीच्या माणसांनीही घरात घेण्यास असमर्थता दाखवली. बाबासाहेब सार्वजनिक बागेत वेळ काढून रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. एके ठिकाणी पैशाची ओढाताण होती पण शिक्षणाचे दार उघडले. दुसऱ्या ठिकाणी पगार असूनही डोक्यावर छप्पर नव्हते. तेव्हा केवळ पगाराने ठिकाण योग्य ठरत नाही आणि केवळ अडचणींनी अयोग्यही ठरत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाण्यास स्पष्ट नकार दिला, त्यामागेही हाच विचार होता. ज्या गावात माणसाला माणूस म्हणून किंमत नाही, तेथील स्वस्ताई काय कामाची?

२. पगार पाहू नये, शिल्लक पाहावी

आता प्रत्यक्ष आकड्यांकडे वळू. खालील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले स्वतःचे आकडे घालावेत. समजा, नवरा-बायको आणि दोन मुले असे चौघांचे कुटुंब गावात स्वतःच्या घरात, आई-वडिलांसोबत राहते.

गावी मिळकत १५,००० रुपये. किराणा, माळवे व दूध ७,०००; वीज व गॅस १,३००; कामावर जाण्यायेण्याचा एस.टी. खर्च १,२००, मुलांची शाळा १,०००, औषधपाणी व किरकोळ २,०००. एकूण खर्च १२,५००. शिल्लक २,५०० रुपये.

पुण्यात पगार ३०,००० रुपये. खोलीभाडे ९,०००, किराणा, माळवे व दूध ९,५००, वीज व गॅस १,८००, प्रवास १,८००, शाळा २,५००, औषधपाणी व किरकोळ २,५००, गावी आई-वडिलांना पाठवायचे २,०००. एकूण खर्च २९,१००. शिल्लक ९०० रुपये.

पगार दुप्पट झाला, शिल्लक मात्र निम्म्याहून खाली आली. शिवाय खोलीची अनामत, सामानाचा टेम्पो आणि सणावाराला व दुखण्याखुपण्याला गावी येण्याचे भाडे यात धरलेले नाही.

परंतु येथे थांबून "गावच बरे" असे म्हणणे हीही घाई होईल. गाव स्वस्त असते, पण कोणासाठी? ज्याच्या शेतात भात, नाचणी, भुईमूग पिकतो आणि गोठ्यात म्हैस आहे त्याच्यासाठी. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याला मिठापासून जळणापर्यंत सारे विकतच घ्यावे लागते. त्यातून रोजंदारी बारमाही नसते. वरील उदाहरणात १५,००० रुपयांचे काम वर्षातून आठच महिने मिळाले तर वर्षाची मिळकत १,२०,००० होते, म्हणजे महिन्याला १०,०००. खर्च तोच १२,५००. म्हणजे दरमहा २,५०० रुपयांची तूट, आणि ती भरण्यासाठी हातउसने किंवा सावकार. अशा कुटुंबासाठी पुण्यातील ९०० रुपयांची शिल्लक मोठी ठरते. एकाच कोष्टकातून दोन घरांसाठी दोन उलट उत्तरे निघतात. म्हणून शेजारचा गेला म्हणून जाऊ नये, आणि शेजारचा थांबला म्हणून थांबूही नये.

३. सरकारी आकडे वाचावेत कसे

महागाईचा निर्देशांक हा शब्द आपण नेहमी ऐकतो. औद्योगिक कामगारांसाठीचा निर्देशांक केंद्र सरकारचा लेबर ब्युरो प्रसिद्ध करतो. २०१६ हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेये यांना ३९.१७ टक्के आणि घराला १६.८७ टक्के भार दिला आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा निर्देशांक एकाच ठिकाणी काळानुसार किमती किती वाढल्या ते सांगतो. एक शहर दुसऱ्यापेक्षा किती महाग आहे ते सांगत नाही. एखाद्या शहराचा आकडा लहान दिसला म्हणून ते शहर स्वस्त ठरत नाही. शिवाय आपल्या नमुन्यातील पुण्याच्या खर्चात एकटे भाडेच सुमारे ३१ टक्के होते. नव्याने गेलेल्या भाडेकरूचा भार सरासरीपेक्षा किती वेगळा असतो, हे यावरून दिसते.

ठिकाणाठिकाणांतील फरकाचा अंदाज घरभाडे भत्त्यावरून अधिक चांगला येतो. केंद्र सरकारने शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग केले. मुंबई व पुणे एक्स वर्गात, कोल्हापूर वाय वर्गात, आणि नेसरीसारखी गावे झेड वर्गात येतात. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला तेव्हा या वर्गांचे दर मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाले. म्हणजे २५,००० मूळ वेतनावर पुण्यात ७,५००, कोल्हापुरात ५,००० आणि गावी २,५०० रुपये. पुण्याच्या मानाने कोल्हापूर मधल्या पायरीवर आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गोकुळ शिरगाव, कागल येथील औद्योगिक वसाहतींत थोडा कमी पगार मिळाला तरी घरभाडे आणि गावी येण्याजाण्याचा खर्च यांत तो भरून निघतो का, हे आधी तपासावे. गाव की पुणे, एवढे दोनच पर्याय नसतात.

४. वहीत न मावणाऱ्या बाबी

शिल्लक काढून झाली की दुसरे पान उघडावे. त्यावर पुढील बाबी लिहाव्यात.

वेळ : कामावर जाण्यायेण्यात रोज तीन तास गेले तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत ७५ तास जातात. आठ तासांची एक पाळी धरली तर नऊ पाळ्यांहून अधिक. हा वेळ मुलांच्या अभ्यासातून आणि स्वतःच्या झोपेतून जातो.

शाळा आणि दवाखाना : शहरात शाळा पुष्कळ असतात, पण आपल्या खोलीजवळ आणि आपल्या ऐपतीत कोणती आहे? गावी मुलांचा अभ्यास घेणारे कोणी आहे का? रात्री-अपरात्री प्रसंग आला तर डॉक्टर किती अंतरावर?

पाणी आणि जागा : पाणी किती वाजता व किती वेळ येते, संडास सामाईक आहे की स्वतंत्र, याची चौकशी पुरुष करीत नाहीत आणि त्रास घरातील स्त्रीला होतो. खोली ठरवण्यापूर्वी ती घरातील स्त्रीने पाहिलीच पाहिजे. तिला शहरात काम मिळण्याची शक्यता असेल तर तेही जमेच्या बाजूस लिहावे.

मान : शहरात आडनाव मागे पडते असे म्हणतात. रस्त्यावर, कारखान्यात, बसमध्ये ते बरेचसे खरे आहे. पण खोली भाड्याने मागताना "आडनाव काय?" हा प्रश्न आजही येतो. म्हणून पहिली खोली ओळखीच्या माणसामार्फत, आपले नातेवाईक असलेल्या भागात घ्यावी. भाडेकरार तोंडी करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. हा कागद हाती असला की मध्येच घराबाहेर काढणे सोपे राहत नाही.

मागे राहणारे : बँकेच्या खिडकीवर आम्ही पुण्याहून आलेले पैसे काढायला आलेली वृद्ध माणसे नेहमी पाहतो. पैसे वेळेवर येतात. पण स्लिप भरायला आणि दवाखान्यात न्यायला घरी कोणी नसते. हा खर्च रुपयांत मांडता येत नाही, तरी तो खर्चच आहे.

५. परतीची वाट

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आपल्या गडहिंग्लज, आजरा, चंदगडची कितीतरी माणसे त्या गिरण्यांत होती. संप फसला, पुढे गिरण्याही बंद पडत गेल्या. ज्यांची गावी शेती होती ते निदान परत येऊन तिला लागले. ज्यांची नव्हती त्यांना ना गिरणी उरली ना गाव.

यातून घ्यायचा धडा सरळ आहे. एकाच पगारावर, एकाच उद्योगावर सारे ओझे टाकू नये. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले आहे : एक उपभोगासाठी, दोन उद्योगधंद्यासाठी आणि एक संकटकाळासाठी. आजच्या पगारात चौथा हिस्सा बाजूला काढणे कठीण आहे. तरी किमान तीन महिन्यांच्या खर्चाची रक्कम खात्यावर जमल्याशिवाय बिऱ्हाड हलवू नये. गावचे घर पाडू नये, विकू नये. पहिले सहा महिने कमावत्याने एकट्याने राहून पाहावे. मुलांना शाळेचे वर्ष संपल्यावरच न्यावे. रेशन कार्ड मात्र अडसर मानू नये. एक देश एक रेशन कार्ड योजनेमुळे अन्नसुरक्षा कायद्याखालील धान्य दुसऱ्या शहरातही उचलता येते.

६. सीमेपलीकडे जाताना

आपल्याला पुण्यापेक्षा बेळगाव आणि गोवा जवळ. परंतु तिकडे कायमचे जाण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. १९९० साली मर्री चंद्रशेखर राव यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की एका राज्यातील अनुसूचित जातीची व्यक्ती दुसऱ्या राज्यात स्थलांतरित झाली तर त्या दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाचा लाभ तिला मिळत नाही. २०१८ मध्येही हेच तत्त्व पुन्हा मांडले गेले. पगारातील हजार-दोन हजारांच्या वाढीपुढे मुलांच्या पुढील प्रवेशाचा व नोकरीचा हा प्रश्न किती मोठा आहे, हे पालकांनी ओळखावे.

७. विद्यार्थ्यांसाठी

शिक्षणासाठी बाहेर पडणाऱ्यांनी कचरू नये. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले, ते राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने. गुणवान मुलाचे शिक्षण राहण्याखाण्याच्या खर्चापायी अडू नये, हाच त्यामागील हेतू. आज समाजकल्याण विभागाची वसतिगृहे आहेत. तेथे जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मूळ दरांनुसार भोजन, निवास व निर्वाह मिळून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये मिळतात. ६०,००० म्हणजे महिन्याला ५,०००. तेवढ्यात पुण्यात खोली आणि खानावळ दोन्ही भागतील का, हा हिशेब प्रवेशाचा फॉर्म भरण्यापूर्वीच करावा. रक्कम हप्त्याने खात्यावर येते, म्हणून पहिल्या काही महिन्यांची तजवीज घरातून ठेवावी. जो अभ्यासक्रम कोल्हापुरात किंवा गडहिंग्लजला तितकाच चांगला मिळतो, त्यासाठी पुणे गाठण्याचे कारण नाही. जो येथे मिळतच नाही, त्यासाठी मात्र खोलीची अडचण सोसूनही जावे.

८. निर्णयापूर्वीचे प्रश्न

१) सर्व खर्च वजा जाता दोन्ही ठिकाणी शिल्लक किती?
२) गावची मिळकत बारा महिन्यांची आहे की आठ?
३) पाच वर्षांनी मुले कोठे अधिक शिकलेली असतील?
४) घरातील स्त्रीचे मत विचारले आहे का?
५) आई-वडिलांकडे कोण पाहील?
६) नोकरी गेली तर तीन महिने कसे निघतील?
७) कोणत्या ठिकाणी आपल्याला मान वर करून जगता येईल?

ही उत्तरे संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसून कागदावर लिहावीत. आमच्या मते तिसरा आणि सातवा प्रश्न सर्वांत वजनदार आहेत, परंतु पहिल्याचे उत्तर सतत वजाबाकीचे येत असेल तर मुलांचे शिक्षणही टिकत नाही आणि मानही राहत नाही. समाजातील जी कुटुंबे आधी शहरात स्थिरावली आहेत त्यांनी नव्याने येणाऱ्यांना खरे आकडे सांगावेत. सणाला गावी आल्यावर नुसता पगार सांगू नये, भाडेही सांगावे. एवढे केले तरी मागून येणाऱ्या अनेकांची फरफट टळेल.

जय भीम!