कारेगावच्या खोलीतला नाताळ

नगर, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा

चि. सौ. भाचीस,


थोरलीचा प्रश्न तू फोनवर हसत हसत सांगितलास. शाळेत म्हणतात २५ डिसेंबर हा सांताचा वाढदिवस, घरी म्हणतात येशूचा. मग खरा कुणाचा? मला त्याचं फार कौतुक वाटलं. सहा वर्षांच्या पोरीने दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि ते जुळत नाही हे तिच्या ध्यानात आलं. असा प्रश्न मूल एकदाच मनापासून विचारतं. तेव्हा घरात कुणी नीट उत्तर दिलं नाही, तर जे बाहेर दिसतं तेच ते धरून चालतं. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. दुपारी धाकटा झोपला की वाच.

इतकी वर्षं शाब्बाथ शाळेत लहान मुलांचा वर्ग घेतला, त्यावरून सांगते. लहान मुलांना सणाचा अर्थ वेगळा काढून सांगावा लागत नाही. गोष्ट पूर्ण सांगितली, तिच्यातले अवघड भाग गाळले नाहीत, तर अर्थ त्यांच्या हाताला लागतो. आपण मात्र उलट करतो. गोष्ट दोन वाक्यांत उरकतो आणि मग 'प्रेम', 'शांती', 'तारण' असे मोठे शब्द त्यांच्यापुढे ठेवतो. सहा वर्षांच्या मुलीला तारण कळत नाही. पण दिवस भरलेल्या बाईला रात्री कुणी दार उघडलं नाही, हे तिला लगेच कळतं.

आणि तुम्ही तर कारेगावात राहता. ही गोष्ट समजायला यापेक्षा चांगलं गाव मला सुचत नाही. रांजणगावच्या एमआयडीसीमुळे तुमच्या गल्लीत मराठवाड्याची माणसं आहेत, विदर्भाची आहेत, उत्तर प्रदेश-बिहारची आहेत. जो तो पिशवी घेऊन आला आणि आधी खोली शोधत फिरला. तुम्ही दोघंही तसेच फिरलात. डिपॉझिट किती, पाणी कधी येतं, माणसं किती राहणार, लहान मूल आहे का, हे सगळं विचारून झाल्यावर 'खोली नाही' हे ऐकलंत. थोरली तेव्हा तुझ्या कडेवर होती. तिला हे सांग. मग सांग की योसेफ आणि मरिया नासरेथहून निघाले, कारण कैसर औगुस्ताने सगळ्यांची नावनिशी करायचा हुकूम काढला होता आणि ज्याने त्याने आपापल्या मूळ गावी जायचं होतं. वाट शंभर किलोमीटरच्या वरची, जवळजवळ पुण्याहून नगर गाठण्याएवढी, तीही तेव्हाच्या रस्त्यांनी. बेथलेहेमात पोचले तर उतारशाळेत जागा नाही. इथे थांब. पुढचं घाईने सांगू नकोस. 'मग ते कुठे झोपले?' असं तिनेच विचारू दे.

गव्हाण म्हणजे काय हे मात्र तिला दाखवावं लागेल. खोलीत वाढलेल्या मुलांना तो शब्द फक्त नाताळात ऐकू येतो, आणि चित्रात ती सोनेरी गवताची सुंदर पेटी असते. गावात अजून गोठे आहेत. कुणाच्या तरी गोठ्यात दोघांना संध्याकाळी घेऊन जा. गाय वाढे खाताना बघू देत, शेणाचा वास येऊ दे, गव्हाणीची कड हाताला किती खडबडीत लागते ते कळू दे. मग विचार, आपल्या धाकट्याला इथे निजवायचं का? ती 'नाही' म्हणेल. त्या 'नाही'त तिला बरंच काही कळलेलं असेल.

मेंढपाळांचंही तसंच. दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन तुमच्या बाजूच्या शेतांमधून जातात, रात्री रानात मेंढ्या बसवतात. तालुक्यात उसामुळे बिबट्याची भीती आहेच, तेव्हा रात्रभर जागून राखण करणं म्हणजे काय हे तिथल्या मुलांना सांगावं लागत नाही. देवदूतांनी पहिली बातमी कुणाला दिली? राजाला नाही, देवळातल्या याजकांनाही नाही. रानात थंडीत जागणाऱ्या, अंगाला मेंढरांचा वास असलेल्या माणसांना. हे सांगताना मुलांनी खऱ्या मेंढपाळाचा चेहरा पाहिलेला असावा. रस्त्याला धनगरांचा वाडा दिसला तर दोन मिनिटं उभी राहा, तिथल्या बायांशी बोल.

हेरोदाचं काय, असं तू विचारशील. धाकट्याला सध्या नको. थोरलीला एवढं सांग की एका राजाला या बाळाची भीती वाटली, म्हणून आईबाप रातोरात त्याला घेऊन मिसर देशात गेले आणि परक्या मुलखात राहिले. बाकीचं ती आठ-नऊ वर्षांची झाली की स्वतः मत्तयात वाचेल. पण तो पळून जाण्याचा भाग वगळू नकोस. तुमच्या गल्लीत कितीतरी मुलं गाव सोडून आलेली आहेत. येशूही लहानपणी गाव सोडून गेला होता, हे त्या मुलांबरोबर खेळणाऱ्या पोरीला ठाऊक असायला हवं.

आता एक काम सांगते, ते डिसेंबरात एखाद्या रविवारी कराच. न्हावरे-चौफुला रस्त्याने केडगावला जा. दौंड तालुक्यातलं हे केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंचं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. एकट्या त्या दुष्काळात सुमारे ३०० मुली. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांचे आईवडील १८७४ च्या सुमारास तशाच उपासमारीच्या दिवसांत गेले होते. पुण्यात तेव्हा प्लेग होता, आणि शहरात इतक्या मुली ठेवण्यावर बंधनं आली. म्हणजे शहरात जागा नव्हती. मग रमाबाईंनी त्यांना केडगावच्या उघड्या माळावर नेलं आणि आधी तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवलं. तिथूनच मुक्ती सदन उभं राहिलं, आणि आजही ते चालू आहे. बेथलेहेमची गोष्ट सांगून झाली की दुसऱ्या दिवशी ही सांग. एका गोष्टीत दार बंद झालं आणि दुसऱ्या गोष्टीत एका बाईने ते उघडलं, हे मुलांना आपोआप जोडता येतं. आणि ती बाई कुठल्या परदेशातली नाही, तुमच्या शेजारच्या तालुक्यात राहिली, तिथेच ५ एप्रिल १९२२ ला वारली.

रमाबाईंचं आणखी एक काम तुझ्या उपयोगाचं आहे. शेवटच्या वर्षांत त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्र मराठीत आणलं. साध्या, कमी शिकलेल्या बायकांना वाचता यावं अशी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह होता. तूही गोष्ट सांगताना तोच आग्रह धर. मोबाइलवर इंग्रजी कार्टून लावून देणं सोपं आहे, मला कळतं. जावईबापूंची पाळी रात्रीची असते आणि तू दिवसभर एकटी दोघांना सांभाळतेस. पण ते कार्टून तुझ्या आवाजात बोलत नाही. मुलाला पुढे आठवते ती आईने सांगितलेली गोष्ट, आईच्याच शब्दांत. हा आग्रह जुनाच आहे. फादर स्टीफन्स इंग्रज होते, गोव्यात राहून त्यांनी मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलं, १६१६ मध्ये राचोलला ते छापलं गेलं. चारशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला पटलं की इथल्या लोकांना ही गोष्ट इथल्याच चालीत सांगायला हवी. मग आपण का संकोचावं?

गाण्याचंही तेच. ना. वा. टिळकांनी आपल्या उपासनेत अभंग आणि कीर्तन आणलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, तरी त्यांनी कीर्तनं केली आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुढे नेलं. 'उपासना संगीत' तुझ्या लग्नात दिलं होतं ते कुठेतरी असेल, काढ. त्यात टिळकांची कितीतरी पदं आहेत. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत एक पद, टाळ नसेल तर टाळ्या वाजवून. धाकट्याला शब्द येणार नाहीत, ताल येईल. तीन वर्षांच्या मुलाकडून सुवर्ण वचन पाठ करून घेऊ नकोस. पाठांतर मलाही प्रिय आहे, पण त्याला अजून दोन वर्षं आहेत.

दिवाळीत दोघांनी दारात किल्ला केला होता, त्याची माती टाकून दिली नसेल तर ठेव. त्याच मातीचं बेथलेहेम करा. मावळे आणि शिवाजी महाराज जपून कपाटात ठेवा. मेंढ्या, गाय, योसेफ, मरिया मुलांनी स्वतः मातीची करावीत, वाकडी झाली तरी चालतील. येशूच्या जन्माचा देखावा पहिल्यांदा गाजला तो १२२३ मध्ये, इटलीतल्या ग्रेचो गावात. संत फ्रान्सिसने गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून लोकांना तो जन्म डोळ्यांनी दाखवला. नाताळच्या आधीचे चार रविवार आहेत, तेवढे पुरे. योसेफ-मरिया पहिल्या रविवारी खिडकीच्या एका टोकाला, मग हळूहळू गोठ्याकडे. बाळाला भेटायला निघालेल्या ज्ञानी लोकांना पार दुसऱ्या टोकाला, कपाटावर ठेव. ते ६ जानेवारीपर्यंत येत राहतील. चौथ्या आठवड्यात कंटाळा येईल, 'आत्ताच ठेवू या ना' म्हणतील. ठेवू देऊ नकोस. गव्हाण २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी राहू दे. वाट पाहणं हाच त्या महिन्याचा अर्धा भाग आहे, आणि आजकाल मुलांना वाट पाहायला दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

आता सांताकडे येते. त्याला घरातून हाकलू नकोस. शाळेत लाल टोपी घालायची असेल तर घालू दे. फक्त त्या टोपीमागचा खरा माणूस तिला सांग: मायरा गावचा निकोलस, चौथ्या शतकातला बिशप, गरिबांना गुपचूप मदत करायचा म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर दे, वाढदिवस येशूचाच. तारीख शास्त्रात दिलेली नाही हेही लपवू नकोस. २५ डिसेंबरला हा सण केल्याची सगळ्यांत जुनी नोंद रोममधली, ३३६ सालची आहे. आपण ठरवलेल्या दिवशी आनंद करतो, एवढं तिला पुरेल. खरं सांगितलेलं मुलांना पचतं.

माझी खरी तक्रार दुसऱ्याच गोष्टीवर आहे. 'शहाण्यासारखं वागलीस तर सांता बक्षीस देईल' असं तू तिला म्हणाल्याचं ती मला फोनवर सांगत होती. हे बंद कर. नाताळच्या गोष्टीच्या हे अगदी विरुद्ध आहे. बेथलेहेममध्ये कुणी शहाण्यासारखं वागलेलं नव्हतं. लोकांनी दार लावून घेतलं होतं, आणि तरीही तो आला. आपल्या विश्वासाचा सगळा गाभा हाच आहे, की देणगी आधी येते, लायकी पाहून येत नाही. तू डिसेंबरभर चांगल्या वागण्याचा हिशोब ठेवलास, भिंतीवर तारे चिकटवलेस, तर मुलगी कृपेच्या जागी मजुरी शिकेल. त्या दिवशी सकाळी ती हट्ट करून रडली असेल तरी नवा फ्रॉक तिला मिळायलाच हवा. मिळाल्यावर जवळ घेऊन सांग की हे तुझ्या वागण्यासाठी नाही, तू आमची आहेस म्हणून.

थोरली रांजणगावच्या महागणपतीला मैत्रिणींबरोबर जायचं म्हणते, आरती म्हणते, त्याचं तू टेन्शन घेतलंस. मोदक खाऊ दे, शेजाऱ्यांच्या सणात तिला आनंदाने राहू दे. आपलं काय आणि का, हे घरी पक्कं असलं की मूल बाहेर गोंधळत नाही. त्यांच्या देवाविषयी घरात एक उणा शब्द नको. शेजाऱ्याच्या सणाला नावं ठेवून आपला सण कुणाला शिकवता आला, असं मी तरी पाहिलेलं नाही.

त्यापेक्षा २५ तारखेला फराळाची ताटं भरा. दिवाळीत ज्या ज्या घरातून तुमच्याकडे ताट आलं, तिथे तुमचं जायलाच हवं, पण पहिलं ताट कोपऱ्यावरच्या त्या नव्या पोरांच्या खोलीत जाऊ दे, जी सुट्टीलाही गावी जाऊ शकत नाहीत. ताट थोरलीच्या हातात दे, आपण मागे उभी राहा. 'हे कशाचं?' असं ते विचारतील, आणि तिला तिच्या शब्दांत सांगावं लागेल. चुकली तर तिथे दुरुस्त करू नकोस.

जमलं तर त्यांच्यातल्या दोघा-तिघांना जेवायलाच बोलाव. खोली लहान आहे असं म्हणशील. आपण दाटीवाटीने बसू.

मी २२ ला सकाळच्या एसटीने निघते, कारेगाव फाट्यावर घ्यायला ये. करंज्यांचं सारण इथून करून आणते, तू फक्त मैदा आणि तूप घेऊन ठेव. चांदणीचा कंदील विकत घेऊ नकोस, कामट्या आणि पतंगाचा कागद मी आणते, मुलांबरोबर करू. जावईबापूंना २४ ला दिवसपाळी मिळते का ते आत्ताच विचारून ठेव. रात्री गव्हाणीत बाळ ठेवताना ते घरी हवेत.

दोघांना पापे.

तुझी,
मावशी