मालकी रानातील झाडे विकण्यापूर्वी

कोकणातील पुष्कळ शेतकरी कुटुंबांकडे भाताच्या खाचरांखेरीज डोंगरउतारावरचे थोडेबहुत मालकी रान असते. ऐन, किंजळ, जांभूळ, क्वचित साग, अशी झाडे त्यात आपोआप वाढलेली असतात. लग्नकार्य किंवा आजारपण निघाले म्हणजे मालकास या रानाची आठवण होते. व्यापारी एक फेरी मारून आकडा सांगतो आणि सबंध रान उक्ते दिले जाते. आंब्याच्या डझनाचा भाव जो शेतकरी चार ठिकाणी विचारतो, तोच तीस-चाळीस वर्षांचे लाकूड न मोजता देऊन टाकतो, हे नवल होय. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने रानमालकांना पहिला पाठ द्यावा तो मोजणीचा. आणि तो चावडीत न देता प्रत्यक्ष रानात द्यावा.

मोजणीस साधी फीत पुरे. सुती दोरी वापरू नये, ती ताणली जाते व माप चुकते. उभ्या झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे सुमारे छातीइतक्या उंचीवर घ्यावा; झाड उतारावर असल्यास ही उंची वरच्या अंगाने धरावी. प्रत्येक झाडास क्रमांक घालून त्याची जात, घेर व सरळ खोडाची अंदाजे लांबी वहीत लिहावी.

झाड पाडल्यावर ओंडक्याचा घेर मधोमध घ्यावा. त्या घेराचा चौथा भाग काढून त्याचा वर्ग करावा व लांबीने गुणावे, अशी जुनी रीत आहे. समजा, घेर १२० सेंटिमीटर व लांबी ५ मीटर आहे. चौथा भाग ०.३० मीटर, त्याचा वर्ग ०.०९, पाचाने गुणिता ०.४५ घनमीटर येते. वास्तविक त्या ओंडक्यात सुमारे ०.५७ घनमीटर लाकूड असते. कापणीत जाणाऱ्या फळकुटांची सूट या रीतीतच धरलेली आहे. तेव्हा व्यापारी आणखी ‘कापणीची घट’ मागू लागल्यास मालकाने हे ध्यानात ठेवावे. घेर सालीसकट धरावयाचा की सालीविना, हेही आधीच ठरवावे. याच ओंडक्याचा घेर ११० सेंटिमीटर लिहिला गेला तर हिशेब ०.३७८ घनमीटरवर येतो. दहा सेंटिमीटरांच्या चुकीने जवळजवळ एक षष्ठांश लाकूड कागदावरच नाहीसे होते!

सौदा करण्यापूर्वी सातबारा उतारा पाहावा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने अनेक रानांची मालकी शासनाकडे गेली असून तशी नोंद असल्यास तोडीचा विचारच करू नये. इतरत्रही १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार अनुसूचित जातींच्या झाडांस पूर्वपरवानगी लागते. व्यापारी ‘परवानगीचे मी पाहतो’ असे म्हणाला तरी परवानगीचा कागद स्वतः वाचल्याखेरीज कुऱ्हाड लावू देऊ नये. झाडे मालकाची, तेव्हा जाबही मालकासच द्यावा लागतो.

आता तोडीविषयी. रान एकदम साफ करू नये. उतार उघडा पडला की पहिल्याच पावसात माती खालच्या खाचरात येते. सरळ, निरोगी अशी काही झाडे बियांसाठी राखावी. वेडीवाकडी व दाटलेली आधी काढावी. राबासाठी फांद्या छाटणारे पुष्कळदा शेंडाही उतरवितात, त्याने खोड कायमचे खुरटते. शेंडा राखून फक्त खालच्या फांद्या घ्याव्या.

ऐन, किंजळ व साग यांच्या खुंटांस चांगले फुटवे येतात. त्यासाठी खुंट वीतभराहून उंच ठेवू नये, धारदार कुऱ्हाडीने तिरकस तोडावा, म्हणजे पाणी साचून तो कुजत नाही, व साल फाटू देऊ नये. तोड पावसाळ्यापूर्वी आटोपावी. फुटवे गुरांच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत चराई बंद ठेवावी आणि वणव्यापासून बचावासाठी भोवती जाळरेषा काढावी. दुसऱ्या वर्षी प्रत्येक खुंटावर बुडाशी घट्ट धरलेले एक किंवा दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढावे. ते सरपणास उपयोगी पडतात.