जुन्या मालमोटारीचे ब्रेक : शू जुळविणे व तेलातील हवा काढणे

शेतमाल पिकविण्याइतकेच तो सुखरूप बाजारात पोचविणेही महत्त्वाचे आहे. नाशिकचा कांदा कसारा घाटातून आणि जुन्नरची भाजी माळशेज घाटातून खाली उतरते. अशा उतारावर भरलेली मालमोटार केवळ ब्रेकच्या भरवशावर असते. वेग दुप्पट झाला की गाडी थांबविण्यासाठी ब्रेकना चौपट उष्णता सोसावी लागते. जुन्या बनावटीच्या अनेक गाड्यांत चारही चाकांना तेल पुरविणारी नळ्यांची एकच साखळी असते. ती कोठेही फुटली तर सर्व चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून अशा गाडीच्या ब्रेकची माहिती मालक, चालक व गावपातळीवरील कार्यकर्ते या सर्वांना असावी. येथील माहिती तेलावर चालणाऱ्या ड्रम ब्रेकपुरती आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची रीत निराळी आहे.

ब्रेक कसा चालतो

बंद भांड्यातील द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, हा नियम फ्रान्समधील शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) यांनी मांडला. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब येतो. तो नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या सिलिंडरात पोचतो, शू बाहेर ढकलले जातात आणि त्यांचे लायनिंग फिरत्या ड्रमवर घासून चाक थांबते. तेल सहसा दबत नाही, हवा मात्र दबते. नळीत हवा शिरली की पायाचे बळ ती हवा दाबण्यातच खर्च होते.

पेडलवरून दोष ओळखावा

पाना हाती घेण्यापूर्वी पेडल काय सांगते ते पाहावे.

१. पेडल खोल जाते, पण दोन-तीन वेळा मारल्यावर वर येऊन घट्ट लागते : शू व ड्रम यांतील अंतर वाढले आहे, शू जुळवावेत.
२. पेडल स्पंजासारखे मऊ लागते : तेलात हवा आहे, ती काढावी.
३. पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली बसते : कोठे तरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर झिजले आहे. अशी गाडी दुरुस्तीवाचून रस्त्यावर आणू नये.

आधी शू जुळवावेत

हवा काढण्यापूर्वी शू जुळविणे आवश्यक आहे. शू सैल असतील तर ते ड्रमपर्यंत नेण्यातच बरेच तेल खर्च होते, आणि हवा निघाली तरी पेडल खोलच राहते.

गाडी रिकामी करून सपाट व टणक जागी उभी करावी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून ठोकळे लावावेत आणि मगच हातब्रेक सोडावा. चाक जॅकने उचलल्यावर आसाखाली मजबूत घोडी द्यावी; केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली कोणीही जाऊ नये. ड्रममागील पत्र्यावरचा जुळणीचा स्क्रू, चाक हाताने फिरेनासे होईपर्यंत आवळावा. नंतर चाक मोकळे फिरून शू अगदी हलका घासल्याचा आवाज येईल इतकाच तो सैल करावा. एका आसाची दोन्ही चाके सारखीच जुळवावीत. नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका बाजूस ओढते. लायनिंग रिव्हेटपर्यंत झिजले असेल तर ते बदलावे. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो व त्याची धूळ फुप्फुसांस घातक असते. ती फुंकून किंवा हवेने उडवू नये; ओल्या फडक्याने पुसावी.

नंतर हवा काढावी

या कामास दोन माणसे लागतात. टाकी ब्रेकच्या ताज्या तेलाने भरावी. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून जवळच्या चाकाकडे यावे. उत्पादकाच्या पुस्तिकेत निराळा क्रम असल्यास तोच पाळावा. निपल स्वच्छ पुसून त्यावर पारदर्शक नळी बसवावी व तिचे दुसरे टोक बाटलीतील तेलात बुडवून ठेवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे. दुसऱ्याने निपल अर्धा फेरा उघडावे. पेडल तळाशी पोचताच निपल बंद करावे आणि त्यानंतरच पेडल सोडावे. हा क्रम चुकला तर हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे बंद होईपर्यंत हे करीत राहावे. मधूनमधून टाकीत तेल घालावे. टाकी रिकामी झाली की सारे श्रम वाया जातात. बाटलीत आलेले तेल पुन्हा वापरू नये.

तेलाविषयी सावधगिरी

टाकीत इंजिन ऑईल किंवा डिझेल कधीही घालू नये; त्याने रबर फुगून निकामी होते. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये असे तेल उकळून त्याची वाफ होते आणि पेडल एकाएकी पोकळ लागते. म्हणून डबा घट्ट बंद ठेवावा व दर दोन वर्षांनी तेल बदलावे. हे तेल विषारी आहे. ते मुलांपासून व जनावरांपासून दूर ठेवावे.

अखेरची परीक्षा

इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर जोराने दाबून धरावे. ते खाली बसता कामा नये. सर्व सांधे कोरडे आहेत याची खात्री करावी. मग रिकामी गाडी मोकळ्या मैदानात सावकाश चालवून पाहावी आणि त्यानंतरच माल भरावा. ब्रेक उत्तम असला तरी घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा, म्हणजे बराच भार इंजिन पेलते व ड्रम कमी तापतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काढणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी जाणत्या कारागिराकडून याचे प्रात्यक्षिक गावात करवून घ्यावे. एका सकाळच्या या कामाने वर्षभराचा माल आणि त्याहून मोलाचे माणसाचे प्राण वाचतात.