साडेपाचला थांबणारं रेकॉर्डिंग

भाची : मामा, साठच्या दशकातलं ते सायकेडेलिक संगीत, हिप्पी वगैरे सगळं लंडन-अमेरिकेचं. आपल्या गिरगावाला त्याचं काय?

मामा : गिरगावातून फोर्ट किती लांब गं? तिथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन ठाण मांडून बसला होता. ‘वंडरवॉल’ सिनेमाला संगीत द्यायचं होतं त्याला.

भाची : बाकीचे बीटल्स?

मामा : एकही नाही. वाजवणारे सगळे आपले. सरोद आशिष खाँ, संतूर शिवकुमार शर्मा, बासरी एस. आर. केंकरे. मुंबईच्या स्टुडिओत तेव्हा मोनो यंत्रच होतं, म्हणून ग्रामोफोन कंपनीच्या भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं स्टीरिओ यंत्र आगगाडीने आणलं. स्टुडिओ वर, खाली ऑफिसं आणि आवाज अडवायची सोय शून्य! साडेपाचला ऑफिसं सुटली की जिन्यात धाडधाड पाय वाजायचे आणि रेकॉर्डिंग बंद. नीट ऐकलंस तर खालच्या टॅक्सीही ऐकू येतात, असं हॅरिसननेच सांगून ठेवलंय.

भाची : पण आपल्या रागदारीचा आणि नशेचा काय संबंध?

मामा : काहीच नाही. तंबोरा एकच षड्ज धरून राहतो, आवर्तनं फिरून फिरून समेवर येतात, एक राग तासभर उलगडत जातो. तीन मिनिटांच्या गाण्यांवर वाढलेल्या पोरांची त्यात तंद्री लागली. एलएसडी घेणाऱ्यांना वाटलं, हे आपलंच संगीत. रविशंकर यावर उघड नाराजी दाखवायचे आणि मला त्यांचंच पटतं. ही विद्या वर्षानुवर्षांच्या रियाझाने येते, गोळीने नाही.

भाची : आणि आपली मराठी पोरं?

मामा : त्यांचं बंड कागदावर. अमेरिकन कवी गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत येऊन गेला, १९६३ मध्ये अशोक शहाण्यांनी ‘असो’ काढलं. लघुअनियतकालिकांच्या त्याच गोतावळ्यातले अरुण कोलटकर पुढे पखवाज शिकले, तेही अर्जुन शेजवळांकडे.

भाची : फोर्टमधल्या त्या रेकॉर्डिंगचं पुढे काय झालं?

मामा : ‘वंडरवॉल म्युझिक’ त्याच वर्षी आलं, वादकांच्या नावांसकट. पण त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याचीही वाद्यं इथे वाजली. गळा तेवढा लंडनला चढवला. मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला निघालं. त्यात एकाही बीटलने वाद्याला हात लावलेला नाही. तबकडीवर नाव मात्र बीटल्सचंच.