वक्तृत्व : शाळेतील एक उपेक्षित विषय

‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या विद्यार्थी मित्रांनो,’ एवढे म्हणून माझा आवाज बंद पडला. आठवीतील ती स्पर्धा मी अद्याप विसरलेलो नाही. गुरुजींनी लिहून दिलेले भाषण मुखोद्गत होते. एक वाक्य निसटले आणि सारेच निसटले. दोष माझा की शिक्षणपद्धतीचा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

व्याख्यान ही महाराष्ट्राची जुनी आवड. न्या. रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ऐकण्याची परंपरा समाजाने जपली. बोलण्याचे शिक्षण मात्र हौसेवर सोडले.

बोलण्याला गुण नाहीत असे नाही. दहावीला भाषाविषयांत तोंडी व अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असत. २०१९ च्या परीक्षेत ते नव्हते, अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढील वर्षी ते गुण परत आले. गुण परत आले. पण मुलांना बोलावयास शिकवायचे कोणी, हा प्रश्न राहिलाच.

पाठ केलेले भाषण म्हणजे वक्तृत्व नव्हे. वादविवादात प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट ऐकावे लागते. संविधानाच्या १९ व्या कलमाने भाषणस्वातंत्र्य दिले. ते वापरण्याची सवय शाळेनेच लावावयास हवी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मौखिक व लेखी संवाद हे आवश्यक कौशल्य मानले आहे.

‘आधी पोर्शन संपत नाही, त्यात हे कोठे?’ असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण वादाचा विषय पाठातूनच घेता येतो. आठवड्यातून एक तास, त्यात चार विद्यार्थी, बाजू चिठ्ठी टाकून ठरवावी. शिक्षकांचे प्रशिक्षण आणि खेड्यातील मुलांचे स्पर्धेपुरते एस. टी. भाडे हा खर्च मात्र सार्वजनिक निधीतूनच व्हावा. अन्यथा बक्षिसे शहरातच राहतील, आणि गरिबाघरचे मूल केवळ टाळ्या वाजवील.

महाविद्यालयात आल्यावर वादविवाद मंडळात सरांनी मला प्रथमच विचारले, ‘तुझे मत काय?’ मी चार मिनिटे अडखळत बोललो. पण ते शब्द माझे होते. तो प्रश्न मला आठवीतच कोणी विचारावयास हवा होता.