मतदानयंत्राची परीक्षा

सन २०२४ साली या नगराने दोन मोठ्या निवडणुका पाहिल्या. १३ मे रोजी लोकसभेचे व २० नोव्हेंबर रोजी विधानसभेचे मतदान झाले. अनेक शाळांच्या वर्गखोल्या तेवढ्यापुरत्या मतदानकेंद्रे बनल्या. दिवाळीच्या सुटीनंतर एका विद्यार्थ्याने वर्गात आम्हांस विचारले, "सर, आपण बटण दाबले ते मत त्याच उमेदवाराला गेले, हे कशावरून?" काही मुले हसली. परंतु हा प्रश्न हसण्याजोगा नव्हे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याचा विचार एकाहून अधिक वेळा केला आहे.

प्रथम थोडे मागे जाऊ. सन १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तीवर त्याचे चिन्ह लाविलेले असे. मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची, एवढेच काम. मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात लोखंडी पेट्या घडल्या, मतपत्रिका नाशिकच्या सरकारी छापखान्यात छापल्या गेल्या. योजना सोपी होती, पण तीत एक भोक राहिले होते. पत्रिकेवर कसलीच खूण करावयाची नसल्याने एखाद्याने ती पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणली, तर ती दुसऱ्यास विकता येत असे. पुढे सर्व उमेदवारांची एकच पत्रिका व तीवर शिक्का, अशी पद्धत आली. मग शिक्का दोन चिन्हांच्या मध्ये पडला, की शाई घडी घालताना पलीकडे उमटली, यावरून मतमोजणीच्या टेबलावर रात्र रात्र वाद चालत.

यंत्राचा पहिला प्रयोग सन १९८२ मध्ये केरळातील परूर येथे झाला. कायद्यात यंत्राचा उल्लेख नाही, या कारणास्तव न्यायालयाने ते मतदान रद्द ठरविले. मग कायदाच सुधारावा लागला. सन २००४ पासून लोकसभेच्या सर्व जागांसाठी यंत्रे वापरली जात आहेत. शिक्क्याचे वाद संपले. यंत्र एका मिनिटात चार-पाचांहून अधिक मते घेत नाही, म्हणून केंद्र बळकावून शेकडो पत्रिकांवर धडाधड शिक्के मारण्याची सोयही गुंडांस उरली नाही. आपल्याप्रमाणेच पूर्वी निजामाच्या राज्यात असलेल्या निजामाबाद मतदारसंघात सन २०१९ मध्ये १८५ उमेदवार उभे राहिले. एका बॅलट युनिटवर १६ नावे मावतात. तेव्हा बारा युनिटे एकमेकांस जोडून मतदान पार पाडले. (१८५ उमेदवार व 'नोटा' मिळून बाराच का लागली, हे गणित पाचवीच्या मुलांनी करून पाहावे.)

तथापि सोय निराळी व विश्वास निराळा. पेटी उघडल्यावर कागद दिसत असे. यंत्रात काय घडते ते कोणास दिसत नाही. सन २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कागदी पुराव्याची आवश्यकता सांगितली आणि व्हीव्हीपॅट नावाची पेटी यंत्रास जोडली जाऊ लागली. बटण दाबताच काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते व आत पडते. मोजणीच्या दिवशी प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात. सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात, ही मागणी न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी अमान्य केली. मात्र दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास खर्च भरून काही यंत्रांची तपासणी मागता येईल, असे ठरविले. हरलेल्यास तपासणीचा हक्क मिळाला, ही त्या निकालातील गोष्ट आम्हांस मोलाची वाटते. जिंकलेल्यास शंका कशाला येईल?

शंकेचे पुढे काय होते, हे सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडी गावात दिसले. विधानसभेच्या निकालानंतर तेथील काही ग्रामस्थांनी ३ डिसेंबर २०२४ रोजी कागदी पत्रिकांवर आपल्यापुरते फेरमतदान घेण्याचे योजिले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली व तो बेत राहिला. असे मतदान घेण्याचा अधिकार कायद्याने गावास नाही, हे खरेच. तरी नुसत्या मनाईने मनातील संशय जात नाही, हेही तितकेच खरे. आपल्याकडे निकाल किती थोडक्या मतांनी फिरतात ते पाहा: सन २०१९ मध्ये औरंगाबाद लोकसभा मतदारसंघात श्री. इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले. सन २०२४ मध्ये औरंगाबाद पूर्व विधानसभेत तेच २,१६१ मतांनी पराभूत झाले. एवढ्या अंतरात एका केंद्राची चूकही लहान म्हणता येत नाही.

चुका होतात, याचे उदाहरण दूर शोधावयास नको. काही वर्षांपूर्वी आम्ही एका केंद्रावर केंद्राध्यक्ष होतो. मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान ५० मतांचे अभिरूप मतदान घ्यावे लागते. त्यानंतर तीन बटणे क्रमाने दाबावयाची: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. पहाटेपासून धावपळ, दारात रांग लागलेली, आम्ही दोन बटणे दाबली आणि पहिल्या मतदारास आत बोलाविणार, इतक्यात एक प्रतिनिधी उठून म्हणाला, "सर, क्लिअर राहिलं." त्याच्या शेजारी बसलेला प्रतिस्पर्ध्याचा माणूसही लगेच म्हणाला, "हो सर, राहिलंय." आम्ही मनातून ओशाळलो. बटण दाबून शून्य दाखविले, चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात मोहोरबंद केल्या व दोघांच्या सह्या घेतल्या. हे राहून गेले असते तर अभिरूप मतदानाची मते यंत्रात तशीच राहिली असती.

त्या सायंकाळी नमुना १७ सी भरला. एकूण किती मते नोंदली गेली, याचा तो हिशेब. त्याची एकेक प्रत दोघांस दिली. मोजणीच्या टेबलावर यंत्राने दाखविलेली बेरीज त्या आकड्याशी जुळते की नाही, हे कोणासही पाहता येते. दोघांनी आपापल्या प्रती उजेडाकडे धरून आकडे वाचले, घडी घालून खिशात ठेविल्या, आणि एकाच दुचाकीवर बसून घरी गेले.